शेवटच्या अक्षराचे मोल
(‘ॲल्युमिनियम फॉस्फाइड’ या नावाची फोड)

संघाच्या वार्षिक स्मरणिकेत धान्याची आवक-जावक, करांचे बदलते नियम, तरुण पिढीने धंद्यात काय करावे इत्यादी विषयांवर आमच्याहून अधिक जाणते बंधू दरवर्षी लिहीत असतात. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य येळ्ळूरचे शिवार व बेळगावची रविवार पेठ यांच्यामध्ये तांदळाच्या पोत्यांत गेलेले. तेव्हा रसायनशास्त्रातील एका नावावर आम्ही लेखणी उचलावी, हे काहींना नवल वाटेल. परंतु हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कोठारात वर्षानुवर्षे वावरले आहे, आणि त्याचा उच्चार नीट न केल्याचे प्रायश्चित्त आम्ही स्वतः घेतलेले आहे. सबब या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा अधिकार शिक्षणाने नव्हे, तर चुकीने आम्हांस मिळाला आहे, असे समजावे.

ते नाव म्हणजे ‘ॲल्युमिनियम फॉस्फाइड’. कोठारातील तांदळास सोंडे लागले, डाळींत भुंगेरे झाले, गव्हास जाळी धरली, म्हणजे पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री झाकून आत ज्या करड्या गोळ्या ठेवीत, त्यांचे हे शास्त्रीय नाव. बाजारात त्यांना कोणी ‘सेल्फॉस’ म्हणे, कोणी ‘सल्फास’, आणि बहुतेक जण नुसते ‘धान्यातली गोळी’.

प्रथम आमची चूक सांगतो. सन १९९१ च्या पावसाळ्यातील गोष्ट. त्या काळी या गोळ्यांच्या नळ्या कोठेही सहज मिळत. आमच्या कोठारात धुरी देऊन झाल्यावर उरलेल्या काही गोळ्या व त्यांचा चुरा आम्ही एका पत्र्याच्या डब्यात भरून ठेविला, आणि डब्यावर खडूने लिहिले, ‘अलु. फॉस.’ पूर्ण नाव लिहिण्याचा आळस केला. दोन दिवसांनी आमच्या एका हमालाने तो डबा हातात घेऊन विचारले, “मालक, ह्ये फास्पेट न्हवं? चार मिरचीची रोपं हायती, त्यांस्नी घालतो.” आम्ही खतावणीत मान घालून बसलो होतो. मान वर न करताच ‘हो, हो, ने’ म्हणालो.

त्याने डबा घरी नेऊन ओटीवरच्या फळीवर ठेविला. झाकण सैल होते, पाऊस संततधार होता आणि वरचे एक कौल फुटके होते. त्या रात्री त्याच्या घरात लसणाचा वास सुटला. तो दिवस आषाढी एकादशीचा. घरात लसणाची पाकळीही सोललेली नव्हती. म्हणून त्याच्या वृद्ध आईस शंका आली. इतक्यात दोन्ही मुलांना उलट्या सुरू झाल्या. त्या माउलीने कारण न शोधता साऱ्यांना उठवून भर पावसात शेजारच्या घरी नेले. तिच्या त्या शहाणपणानेच ते घर वाचले.

पुढची गोष्ट आमच्या मनातून आजही जात नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, घरात काय होते? हमालाने सांगितले, “फास्पेट.” फॉस्फेट हे खत. नुसते घरात ठेवल्याने कोणास उलट्या होत नाहीत. म्हणून डॉक्टर अन्नातील विषबाधेचा शोध घेऊ लागले. पहाटे आमच्याकडे माणूस आला, आम्ही पूर्ण नाव सांगितले, तेव्हा उपचारांची दिशा बदलली. मुले दोन दिवसांनी सुखरूप घरी आली. मात्र मधले काही तास केवळ एका अक्षराने खाल्ले होते. त्यानंतर ओळखीच्या एका शास्त्रशिक्षकांकडे बसून या नावाचा एकेक तुकडा आम्ही समजून घेतला. तोच येथे सांगत आहोत.

आपल्या वाडवडिलांच्या व्यापारात रसायने नव्हती असे नाही. मोरचूद, हिराकस, तुरटी, सोरा, नवसागर, टाकणखार, पापडखार ही नावे जुन्या वह्यांतून पानोपानी सापडतात. ही नावे आटोपशीर व कानाला परिचित. परंतु त्यांच्यात मालाची ओळख आहे, मालाची घडण नाही. मोरचूद म्हटल्याने निळा खडा डोळ्यांपुढे येतो, पण त्यात तांबे आहे हे नावावरून कळत नाही. रसायनशास्त्राने नावांची जी नवी पद्धत घातली, तीत नाव हीच मालाची बिलटी झाली. आत काय भरले आहे, ते नावावरच लिहिलेले. मोरचुदास त्या पद्धतीत कॉपर सल्फेट म्हणतात. म्हणजे तांबे, गंधक आणि प्राणवायू यांचा तो संयोग.

ही पद्धत घालून दिली ती फ्रान्समधील चौघा विद्वानांनी. गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्तोले आणि फूर्क्रॉय यांनी सन १७८७ मध्ये पदार्थांच्या नामकरणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तोवर युरोपातही मोरचूद-हिराकसाप्रमाणेच गावोगावची निरनिराळी नावे चालत. मराठीत हे शास्त्र आणण्याचे श्रम ज्यांनी केले, त्यांत आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक हे एक होत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी रसायनशास्त्रावर मराठीत ग्रंथलेखन केले. म्हणजे हा विषय मराठी वाचकास अगदीच परका नाही.

आता नावाचा पहिला शब्द घेऊ. ‘ॲल्युमिनियम’ची भांडी आपल्या घरोघरी होती, आणि आपल्या आयाबहिणी त्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणत. बेळगावच्या यमनापूर भागात जो कारखाना ‘इंडाल’ म्हणून प्रसिद्ध झाला व पुढे हिंडाल्कोकडे गेला, तेथील ॲल्युमिना म्हणजे याच धातूची पूर्वावस्था. लॅटिन भाषेत तुरटीस ‘अलुमेन’ म्हणतात. तुरटीत हा धातू असतो, म्हणून त्यास तुरटीवरून नाव मिळाले. इंग्रज शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याने सन १८०८ मध्ये त्यास ‘अल्युमियम’ म्हटले. पुढे सन १८१२ मध्ये त्यानेच ‘अल्युमिनम’ असे रूप घेतले. सोडियम, पोटॅशियम यांच्या पंक्तीत बसावे म्हणून इतरांनी ‘ॲल्युमिनियम’ केले. अमेरिकेत ‘अल्युमिनम’ राहिले, इंग्लंडात व आपल्याकडे ‘ॲल्युमिनियम’ रुळले. सन १९९० मध्ये रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने ‘ॲल्युमिनियम’ हेच रूप प्रमाण ठरविले. शब्द दोन, वस्तू एकच. हे फरकाचे निरुपद्रवी उदाहरण होय.

उच्चाराच्या दृष्टीने या शब्दाचे पाच तुकडे पडतात: ॲ, ल्यु, मि, नि, यम्. एका दमात, एका स्वराच्या आधारे जो तुकडा उच्चारला जातो, त्यास आपण येथे ‘उच्चारखंड’ म्हणू. मराठीत लिहिताना अक्षरे सहा दिसतात, कारण शेवटचा ‘म’ आपण पूर्ण लिहितो पण उच्चारतो अर्धा. इंग्रजीत जोर ‘मि’वर पडतो. पहिला स्वर मराठीस मूळचा नाही. ‘बॅट’, ‘बँक’ या शब्दांसाठी आपण चंद्राची खूण घेतली, तीच येथे ‘अ’वर चढते. हिंदी बिलांवर ‘एल्युमिनियम’ दिसते, गुजराती बंधू तसेच लिहितात, आणि आमच्यासारखे आळशी ‘अलु.’ लिहितात. त्याचा अर्थ वाचणाऱ्याने अळू घ्यावा की आलू, हे त्याच्या भुकेवर अवलंबून!

दुसरा शब्द अधिक महत्त्वाचा. ‘फॉस्फाइड’ची फोड केली असता ‘फॉस्फ’ हा मूळ भाग व ‘आइड’ हा प्रत्यय असे दोन भाग मिळतात. ‘फॉस्फ’ हे ‘फॉस्फरस’चे संक्षिप्त रूप. ग्रीक भाषेत ‘फॉस’ म्हणजे प्रकाश आणि ‘फोरोस’ म्हणजे वाहणारा. फॉस्फरस म्हणजे प्रकाशवाहक. पहाटे सूर्याच्या आधी उगवणाऱ्या शुक्राच्या चांदणीस ग्रीक लोक याच नावाने ओळखीत. सन १६६९ मध्ये हांबुर्ग शहरी हेनिग ब्रांट हा सोन्याच्या शोधात मूत्र आटवीत बसला असता त्यास अंधारात लुकलुकणारा एक पदार्थ मिळाला. सोने मिळाले नाही, पण ते चांदणीचे नाव त्या पदार्थास मिळाले. आगपेटीच्या ज्या तपकिरी बाजूवर आपण काडी ओढतो, तेथे तांबड्या रूपातील फॉस्फरस असतो.

आपल्या सीमाभागातील मुलास हे तत्त्व तीन नावांनी भेटते. मराठी कृषिपत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश असे लिहितात. त्यातील ‘स्फुरद’ म्हणजे फॉस्फरस. स्फुरणे म्हणजे चमकणे, लकाकणे. नाव करणाऱ्याने ग्रीक अर्थ बरोबर ओळखला होता. कन्नड पोत्यावर त्यालाच ‘रंजक’ म्हणतात. मराठी वाचकास रंजक म्हटले की करमणूक आठवते. परंतु जुन्या मराठीत तोफेच्या कानात पेटविण्यासाठी घालावयाच्या दारूसही ‘रंजक’ म्हणत. येळ्ळूरच्या डोक्यावर गड उभा असल्याने आम्हांस हा अर्थ अधिक जवळचा वाटतो. स्फुरद म्हणा, रंजक म्हणा वा फॉस्फरस म्हणा, तिन्ही नावांत ठिणगी आहे.

येथेच गोंधळाचे बीजही आहे. शेतकऱ्याच्या कानावर ‘फॉस’ हा ध्वनी प्रथम पडतो तो खताच्या संदर्भात. सुपर फॉस्फेटचे पोते त्याने बापाच्या काळापासून पाहिलेले असते. म्हणून ‘फॉस’ ऐकताच तो पुढचे स्वतःच पूर्ण करतो. आमच्या हमालाने तेच केले. अपुरे नाव आम्ही लिहिले, त्याने ते आपल्या अनुभवाने पुरे केले. त्यात त्याचा काय दोष?

आता प्रत्ययाकडे वळू. आडनावातील ‘कर’ हा प्रत्यय माणसाचे गाव सांगतो: निपाणीकर, बेळगावकर, येळ्ळूरकर. कन्नड मुलखातील आपल्या कित्येक घराण्यांच्या आडनावांत ‘नवर’ येतो, तो घराणे सांगतो. तद्वतच रासायनिक नावाचा प्रत्यय त्या पदार्थाचे गोत्र सांगतो.

‘आइड’ या प्रत्ययाचा सामान्य अर्थ असा, की येथे दोनच मूलतत्त्वे एकमेकांशी बांधली गेली आहेत, तिसरे कोणी नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइड म्हणजे ॲल्युमिनियम व फॉस्फरस, बस्स. ‘एट’ या प्रत्ययाचा अर्थ असा, की त्यांच्या जोडीला प्राणवायूही आहे आणि भरपूर आहे. फॉस्फेट म्हणजे प्राणवायूशी जखडलेला फॉस्फरस. प्राणवायू त्याहून कमी असल्यास ‘आइट’ म्हणून फॉस्फाइट. आणि ‘ईन’ प्रत्यय लागून जो ‘फॉस्फीन’ होतो, तो फॉस्फरस व हायड्रोजन यांचा वायू. मूळ एकच, प्रत्यय चार, आणि स्वभाव चार. (बॉक्साइटसारख्या खनिजांच्या नावातील ‘आइट’ मात्र वेगळा. फ्रान्समधील ले बो या गावावरून ते नाव पडले, म्हणजे तो जवळजवळ आपला ‘कर’च.)

प्राणवायू आला काय आणि गेला काय, एवढ्याने इतका फरक का पडावा? फॉस्फेटातील फॉस्फरस प्राणवायूशी तृप्त झालेला असतो. घर बसलेल्या माणसासारखा तो शांत असतो, पाणी लागले तरी बिथरत नाही. आपल्या हाडांत फॉस्फेट आहे, दाण्यादाण्यात आहे. त्यावाचून भाताचा दाणा भरत नाही. उलट फॉस्फाइडातील फॉस्फरस अतृप्त. हवेतील नुसत्या ओलाव्याचा स्पर्श होताच तो ॲल्युमिनियमची सोबत सोडून पाण्यातील हायड्रोजनशी जुळतो व फॉस्फीन वायू होऊन बाहेर पडतो. मागे उरते ती ॲल्युमिनियमची करडी-पांढरी भुकटी. ३ ग्रॅम वजनाची एक गोळी सुमारे १ ग्रॅम फॉस्फीन सोडते. त्या वायूने पोत्याच्या गाभ्यातील किडा मरतो, आणि कोंडलेल्या जागेत माणूसही. ‘एट’ने पीक जगते आणि ‘आइड’ने जीव जातो, असा हा एका अक्षराचा हिशेब आहे.

परंतु यावरून ‘आइड’ म्हणजे विष असा भलताच नियम कोणी बसवू नये. आपण रोज खातो ते मीठ सोडियम क्लोराइड आहे. नवसागर अमोनियम क्लोराइड आहे. तसेच ‘एट’ म्हणजे निर्धोक असेही नाही. मोरचूद हा सल्फेट असून तो पोटात जाणे वाईटच. प्रत्यय घडण सांगतो, गुणदोष सांगत नाही. आपल्याच दुकानातील उदाहरण घ्या. आयोडीनयुक्त मिठाच्या पिशवीवर आपल्या देशात बहुधा ‘पोटॅशियम आयोडेट’ लिहिलेले असते, ‘आयोडाइड’ नव्हे. आयोडेट आपल्या दमट हवेत अधिक टिकते, म्हणून मुद्दाम तो निवडलेला आहे. शेवटच्या अक्षरातील भेद जाणूनच कोणीतरी ही निवड केली. आपण मात्र पिशवी विकताना ते अक्षर वाचीतही नाही.

आता प्रश्न असा, की फॉस्फाइड आणि फॉस्फेट एवढे निरनिराळे असता कानाला ते एक का वाटतात? याची कारणे उच्चारात आहेत. दोन्ही शब्दांचे इंग्रजीत दोन-दोन उच्चारखंड: ‘फॉस्-फाइड्’ आणि ‘फॉस्-फेट्’. इंग्रजी बोलणारा जोर देतो तो पहिल्या खंडावर, म्हणजे ‘फॉस्’वर. तो खंड तर दोन्हींत एकच. जो खंड भेद सांगतो, तो दबलेल्या आवाजात येतो. म्हणजे मालाचे पोते मोठ्याने पुकारावे आणि भाव मात्र पुटपुटावा, तशातला प्रकार.

त्यात आपल्या बोलींची भर पडते. खेड्यातील मराठीत ‘टाइम’चा ‘टैम’ होतो, ‘लाइन’ची ‘लैन’ होते. त्याच न्यायाने ‘फाइड’चा ‘फैड’ होतो. आणि ‘फैड’ व ‘फेट’ यांत अंतर ते किती? शिवाय मराठीत शब्दाच्या अखेरचे व्यंजन आपण अर्धवट गिळतो. ट्रकचा आवाज, हमालांची हाक, पावसाची झड यांच्यामध्ये शेवटचा ‘ड’ की ‘ट’ हे ऐकू येत नाही. ‘फ’ची तीच गत. इंग्रजी ‘फ’ खालचा ओठ दातांस लावून सोडतात, आपला ‘फळा’तील ‘फ’ दोन्ही ओठांचा, आणि कन्नड बोलीत महाप्राण सैल पडून ‘पास्पेट’ होते. मात्र कन्नड बंधूंच्या एका सवयीचे आम्हांस कौतुक वाटते. ते परक्या शब्दाच्या अखेरीस ‘उ’ जोडतात, ‘बस्सु’, ‘कारु’ असे म्हणतात. त्यामुळे ‘फॉस्फाइडु’ आणि ‘फॉस्फेटु’ यांतील ‘ड’ व ‘ट’ स्वराचा आधार मिळून स्पष्ट ऐकू येतात. आपण ज्या उच्चारास हसतो, तोच येथे अधिक सुरक्षित आहे.

ऐकण्यातील घोटाळा टाळण्यासाठी शब्दाची योजना करणे आपल्या धंद्यास नवे नाही. मापाडी पहिले माप टाकताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतो. त्यात शुभाची भावना आहे, तशीच मोजणीस येथून आरंभ झाला याची सर्वांना खूणही आहे. त्याच धर्तीवर आम्ही आमच्या पेढीवर एक खूण ठेविली आहे: ‘ट टरबुजाचा तो खताचा, ड डमरूचा तो धोक्याचा.’ ‘फॉस्’ने आरंभ होणारा शब्द कोणी उच्चारला, की ऐकणाऱ्याने ‘टरबूज की डमरू?’ असे विचारलेच पाहिजे. नव्या पोरांना प्रथम हसू येते. हसले तरी ते विसरत नाहीत, हे पुरे आहे. उंदरांसाठी जे वापरतात तेही ‘झिंक फॉस्फाइड’, म्हणजे डमरूचेच भावंड.

उच्चाराइतकाच दोष आपण ठेवलेल्या घरगुती नावांचा आहे. विषास आपण ‘औषध’ म्हणतो: ढेकणाचे औषध, उंदराचे औषध, फवारणीचे औषध. आणि या पदार्थास तर ‘गोळी’ म्हणतो. गोळी तापावर घेतात, गोळी लहान मुलांच्या हातावर ठेवतात. ज्या घरात औषध व गोळी हे शब्द विषासाठी वापरले जातात, तेथे लहानग्याने काय समजावे? एक शब्द बदलण्यास पैसा लागत नाही. विषास विष म्हणावे.

वासाविषयीही एक सूचना आवश्यक वाटते. बाजारी फॉस्फीनला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो असे सांगतात. आपल्या समाजातील पुष्कळ घरांत लसूण वर्ज्य असल्याने हा वास कित्येकांस ओळखूच येणार नाही. आणि शुद्ध फॉस्फीनला वास नसतो. सबब वास नाही म्हणजे वायू नाही, असा भरवसा कोणीही धरू नये. या विषावर खास उतारा उपलब्ध नाही. शंका येताच माणसांना मोकळ्या हवेत नेणे, विनाविलंब दवाखाना गाठणे व पदार्थाचे पूर्ण नाव सांगणे एवढेच आपल्या हाती असते.

कायदाही आता कडक झाला आहे, हे सर्व सभासदांनी ध्यानी घ्यावे. सन १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये केंद्र सरकारने सन २००१ मध्ये या गोळ्यांच्या १० व २० नगांच्या नळ्यांवर पूर्ण बंदी घातली. या पदार्थाची विक्री व वापर शासकीय संस्था आणि मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालील कीटकनियंत्रण व्यावसायिक यांच्यापुरताच मर्यादित केला. म्हणजे व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने ताडपत्रीखाली गोळ्या सरकविण्याचे दिवस संपले. आमच्या कोठारात धुरीची वेळ आलीच, तर ते काम परवानाधारक माणसे करतात. आमचे काम तांदूळ नीट वाळवून भरणे, फळ्यांवर थप्पी लावणे, कानाकोपरा झाडणे आणि जुना माल आधी काढणे. घरच्या साठ्यास उन्हात वाळवणे, कडुलिंबाचा पाला, डाळींस एरंडेलाचा हात हे जुने उपाय आहेतच. किडा होऊच न देणे हे आपल्या तत्त्वास धरून आहे, आणि खर्चासही.

आमच्या पेढीवर आज चार नियम आहेत. कोणत्याही रसायनाचे नाव आद्याक्षरांनी लिहावयाचे नाही. मूळ वेष्टनातून दुसऱ्या डब्यात काही काढावयाचे नाही. दूरध्वनीवर नाव सांगितल्यास समोरच्याकडून तुकड्या-तुकड्याने परत म्हणवून घ्यावयाचे. आणि मान वर केल्याशिवाय कोणासही ‘हो’ म्हणावयाचे नाही. शेवटचा नियम आम्ही स्वतःसाठी केला आहे.

साधूंच्या आचारात पाच समित्या सांगितल्या आहेत. त्यांतील भाषासमिती म्हणजे जपून बोलणे, आणि आदान-निक्षेपण समिती म्हणजे वस्तू जपून उचलणे व जपून ठेवणे. आम्ही गृहस्थ. साधूंचे आचार आम्हांस पेलणारे नव्हेत. पण त्या एकादशीस एका बेपर्वा ‘हो’ने पहिली आणि एका अर्धवट लिहिलेल्या डब्याने दुसरी, अशा दोन्ही आम्ही एकाच व्यवहारात मोडल्या. णमोकार मंत्राच्या ३५ अक्षरांपैकी एकही गळू नये म्हणून लहानपणी आमची आजी आम्हांस पुनःपुन्हा म्हणावयास लावीत असे. अक्षरांची हीच काळजी पेढीवर बसल्यावरही वाहावयाची असते, हे कळावयास आम्हांस मात्र दोन निष्पाप मुलांचे आजारपण पाहावे लागले.

म्हणून व्यापारी बंधूंना व त्यांच्या घरच्या मंडळींना एवढीच विनंती. ही स्मरणिका मिटण्यापूर्वी ते नाव एकवार मोठ्याने म्हणून पाहावे: ॲ-ल्यु-मि-नि-यम् फॉस्-फाइड्. शेवटचे अक्षर पूर्ण उमटू द्यावे. मग उठून आपल्या कोठारातील व घरातील डबे पाहावेत, आणि ज्यावर अर्धे नाव असेल तो डबा उघडण्यापूर्वी जाणत्यास विचारावे. इत्यलम्.